पांढऱ्या रेघेखालचं पाणी

मी एक जुनी होडी आहे. मित्रांनो, होडी म्हटल्यावर लगेच नदी शोधायला निघू नका. मी लातुरात राहते.

माझं दुकानातलं नाव रोइंग मशीन. लाकडाची लांब चौकट, तिच्यावर पुढंमागं सरकणारी सीट, पाय अडकवायला पट्टे, ओढायला हँडल आणि पुढच्या टोकाला पारदर्शक गोल टाकी. ही टाकी म्हणजे माझं पोट. पोटात मोठी घागरभर पाणी आणि पाण्यात एक पंखा. हँडल ओढलं की पंखा फिरतो, पाणी खळाळतं आणि बसलेल्या माणसाला वाटतं, आपण कुठंतरी निघालो. निघत कुणीच नाही. घाम तेवढा खरा असतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझ्या स्क्रीनला पाणी दिसत नाही. तिला फक्त पंख्याचे फेरे कळतात आणि तेवढ्यावरून ती मीटर मांडते. टाकी नीट भरलेली असली की ओढ जड, मीटर सावकाश. पाणी कमी झालं की पंखा गरगर फिरतो, मीटर भराभर पळतात आणि माणसाला तेवढे कष्ट पडत नाहीत. म्हणून टाकीवर एक खूण असते. पाणी तिथवर हवंच. हे लक्षात असू द्या, कारण पुढं जे बिघडलं ते इथंच बिघडलं.

माझी पहिली वर्षं नांदेडच्या एका हॉटेलात गेली. तिथले पाहुणे माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालायचे. हॉटेल बंद पडलं तेव्हा आरतीनं मला विकत घेतलं. आरती मूळची लोह्याची, लातुरात तिनं बायकांसाठी छोटी जिम काढली होती. टेम्पोतून येताना आम्ही गोदावरीचा पूल ओलांडला. खाली एवढं पाणी, आणि वर मी रिकाम्या पोटानं आडवी. होडीनं नदी पाहिली ती तेवढीच.

लातुरात मला पहिल्यांदा भरलं गंगम्मानं. ती जिमची झाडलोट करते. उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या सीमेला लागून तिचं गाव. पाण्याला ती अजून नीरू म्हणते. घागर रिकामी होत आली तशी तिनं माझ्याकडं संशयानं पाहिलं आणि आरतीला विचारलं, "ताई, हे पितं का नुसतं धरून ठेवतं?"

"धरून ठेवतं."

"मंग आमच्या घरमालकावानी हाय."

बायका खूप हसल्या. मला मात्र ते लागलं. ज्या शहरात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथं आपण पोटभर पाणी घेऊन एका जागी बसलोय, ही टोचणी तेव्हापासूनची.

पण कौतुकही झालं बरं का. बायका मला लाडानं होडी म्हणू लागल्या. दुपारच्या बॅचला नंबर लागायचा. ओढणी कमरेला खोचून, चपला एका बाजूला सारून एकेकजण बसायची. त्यात उज्वला सगळ्यांत नेमाची. तिचं डाळीचं दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, उज्वलाकाकूंच्या काट्याकडं बघायची गरज नाही. तूरडाळ जोखताना पारडं खाली गेलं तरी ती वरून चिमूटभर टाकायची. शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी तिला व्यायाम सांगितला आणि ती माझ्याकडं आली.

मग आली स्पर्धा. ती काढली रुद्राणीनं. रुद्राणी म्हणजे उज्वलाची नणंद, नांदेडला दिलेली. तीही तिकडच्या एका जिममध्ये जायची. लातूरच्या बायका एक टीम, नांदेडच्या बायका दुसरी. गुढीपाडव्याला सुरुवात, अक्षय तृतीयेला शेवट. ओढून झालं की स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. तेवढे मीटर टीमच्या नावावर. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना आमरस-पोळीचं जेवण घालायचं. रुद्राणीनं ग्रुपवर आवाज पाठवला, "वहिनी, आमच्याकडं गोदावरी हाय, तुमच्याकडं टँकर. बघा झेपतंय का."

उज्वलानं उलट पाठवला, "टँकरमागं पळून आमचे पाय तयार झालेत. तू तुझं बघ."

हसण्यावारी गेलं, पण उज्वलाला ते हसण्यावारी नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घरात रांगोळी चांगली रुद्राणीची, पुरण चांगलं रुद्राणीचं, गळा चांगला रुद्राणीचा. उज्वला आपली कामाला चांगली. एकदा तरी या बाईच्या पुढं जायचं, एवढंच तिला हवं होतं. सीटवर बसून ती हे स्वतःशी पुटपुटायची, म्हणून मला ठाऊक.

सुरुवातीला लातूर मागंच राहिलं. उन्हाळा चढला. जिमचं बोअर आटलं. आरतीनं गंगम्माला रोजचं एक बादली पाणी ठरवून दिलं; त्यात फरशीही आणि बाथरूमही. बाथरूमला वास यायला लागला, फरशी चिकट राहायला लागली. सगळ्यांत आधी तक्रार केली ती उज्वलानंच. नाकाला ओढणी लावून ती म्हणाली, "आरती, पैसे भरतो आम्ही. हे काय गुरांच्या गोठ्यावानी?" आरतीनं गंगम्माला सुनावलं. गंगम्मानं मान हलवली, दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बॅच यायच्या आधी, तिनं माझं झाकण काढलं. माझ्यासोबत आलेला प्लॅस्टिकचा हातपंप आत सोडला आणि दोन तांबे पाणी बादलीत काढून घेतलं. त्या पाण्यानं फरशी पुसली. मित्रांनो, खरं सांगू? मला बरं वाटलं. माझं पाणी आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी गेलं. कोपऱ्यापासून दारापर्यंत गेलं आणि चकाकत राहिलं. मग दर दोन-तीन दिवसांनी तांब्याभर पाणी जायला लागलं. लातूरच्या बोअरचं पाणी क्षाराचं. जिथवर मी आधी भरलेली होते तिथं काचेवर एक पांढरी रेघ उरली आणि पाणी तिच्या खाली खाली उतरत गेलं.

आणि मीटर पळायला लागले.

बायकांना वाटलं, अंगात ताकद आली. उज्वलाचे फोटो बघून तिचा नवरा शेषेराव दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचा, आमची मंडळी आता थेट समुद्राला लागते बघा. लातूर नांदेडच्या बरोबरीला आलं, मग पुढं गेलं. रुद्राणीच्या आवाजातली मस्ती उतरली. तिनं विचारलं, "वहिनी, खाता काय हो?" उज्वलानं तो आवाज माझ्या सीटवर बसून चारदा ऐकला.

एके दिवशी ती लवकर आली. दार लोटलेलं होतं. आत गंगम्मा माझ्या पोटात पंप घालून बसलेली. गंगम्मा म्हणाली, "बाई, नळ आला की भरून टाकते वापस. एका बादलीत भागत न्हाई. आरतीताईला सांगू नका."

उज्वलाची नजर पाण्यावर गेली. मग पांढऱ्या रेघेवर. मग स्क्रीनवर. जोखण्यात जन्म गेलेली बाई ती. तिला कळायला कितीसा वेळ लागणार?

"मी काही बघितलंच न्हाई," ती म्हणाली.

गंगम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून ती उज्वलाला बाई म्हणायची थांबली आणि अक्का म्हणायला लागली. गावाकडं जाऊन आली तेव्हा फडक्यात बांधून कैऱ्या घेऊन आली. "अक्का, तुमच्यासाठीच आणल्या. दुसरं कोण आमचं झाकून ठेवतं?" उज्वलानं कैऱ्या घेतल्या. घेताना तिनं वर पाहिलं नाही. मग माझ्यावर बसली, तेच हलकं हँडल ओढलं आणि फोटो टाकला. ओढताना तिचे डोळे मिटलेले असायचे. आधी ते व्यायामानं मिटायचे. आता तिला ती रेघ बघायची नव्हती.

दुकानात ती वरून चिमूटऐवजी मूठभर डाळ टाकायला लागली, असं शेषेराव कुरकुरत आरतीला सांगत होता. मला कारण कळलं. त्याला कळलं नाही.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी आरती माझी टाकी पुसायला बसली. रुद्राणी आणि तिच्या मैत्रिणी दुसऱ्या दिवशी लातुरात येणार होत्या, शेवटचे मीटर इथंच ओढायचं ठरलं होतं. पुसताना आरतीचा हात रेघेवर थांबला. पाणी कुठं गेलं, असं तिनं सगळ्यांसमोर गंगम्माला विचारलं. गंगम्मानं खोटं सांगितलं नाही. आरतीचा आवाज चढला. पाणी काय, उद्या आणखी काही उचलशील, असंही ती बोलून गेली. एक तारखेपासून येऊ नकोस म्हणाली. मीटरचा विचार रागाच्या भरात तिच्या डोक्यातही आला नाही.

गंगम्मानं उज्वलाकडं पाहिलं.

उज्वला माझ्या सीटवर होती. ती स्क्रीनकडं बघत राहिली. स्क्रीन केव्हाच बंद झाली होती.

मित्रांनो, आमच्याकडं अक्षय तृतीयेला घरोघर करा-केळी पुजतात. मातीचे दोन घट पाण्यानं भरायचे आणि गेलेल्या माणसांच्या नावानं ते पाणी द्यायचं. उन्हाळ्यात दुसरं काय द्यायचं असतं? त्या पहाटे उज्वलाच्या गल्लीत नळ आला, दहाव्या दिवशी. तिनं घट भरले, पुजले. मग सासूबाईंच्या नावाचा घट उचलून देताना तिचे हात थांबले, असं शेषेराव नंतर सांगत होता. तिनं घरातले दोन कॅन भरले आणि त्याला म्हणाली, स्कूटर काढा. तो म्हणाला, अगं, धुणं राहिलंय. ती म्हणाली, राहू द्या.

जिममध्ये नांदेडच्या बायका येऊन बसल्या होत्या. रुद्राणी नवीन ट्रॅकसूटमध्ये. गंगम्मा दाराशी आपला डबा-पिशवी आवरत होती. उज्वला कॅन घेऊन सरळ माझ्याकडं आली. झाकण काढलं आणि ओतायला लागली. कुणाला काही समजेना. पाणी पांढऱ्या रेघेला लागलं तेव्हा ती थांबली.

"हे इथवर पाहिजे असतं," ती म्हणाली. "पाणी कमी असलं की मीटर फुकटचे पळतात. मला म्हाईत होतं. कैऱ्या आल्या त्याच्या आधीपासनं म्हाईत होतं. आमच्या टीमचे तेव्हापासनचे सगळे मीटर काढून टाका. आन् फरशीची बोंब मीच मारली होती, आरती. एका बादलीत दोन्ही कसं भागवायचं, ते मी तिला विचारलं न्हाई, तूही न्हाई."

लातूरच्या बायकांची तोंडं उतरली. त्यांचाही घाम त्यात होता.

गंगम्मा दारातून पुढं आली. "म्हंजे तुम्ही माझ्यासाठी गप नव्हत्या?"

"न्हाई," उज्वला म्हणाली. "माझ्यासाठी."

गंगम्मानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "कैऱ्या खाल्ल्या का?"

"लोणचं घातलं."

"मंग अर्धी बरणी वापस द्या, बाई."

बाई. अक्का नाही. उज्वलानं मान खाली घातली आणि हो म्हणाली.

आरतीनं गंगम्माला थांबवून घेतलं. तिची माफी मागितली का? फार पुटपुटत मागितली, पण मागितली. बायकांनी ठरवलं की येताना प्रत्येकीनं घरून एक बाटली फरशीसाठी आणायची. काहीजणी आणतात, काहीजणी विसरतात, विसरणाऱ्याजणी फरशी मळू नये म्हणून चपला दाराबाहेर लांब काढतात.

रुद्राणी मात्र रुद्राणीच. ती म्हणाली, "वहिनी, आता भरलंय तर एकदा खरं ओढून दाखवा." उज्वला बसली. मी जड झाले होते. पहिल्या ओढीलाच तिच्या खांद्यातून कळ गेली, ती मला हँडलमधून समजली. ती सावकाश ओढत राहिली, घामानं ब्लाउज भिजला, डोळे उघडे. फोटोत मीटर थोडेच आले. नांदेड जिंकलं. आमरस उज्वलाच्या घरीच झाला, आणि पहिली वाटी तिनं गंगम्माला वाढली. गंगम्मानं ती खाल्ली. बोलली नाही.

आता मी खरंच म्हातारी झाले आहे. माझा पट्टा फाटलाय, सीट कुरकुरते. उन्हाळा लागला की आरती मला पूर्ण रिकामी करते, पाणी गंगम्माच्या बादलीत जातं आणि माझ्यावर पाटी लागते, पाऊस पडेपर्यंत होडी बंद. तेव्हा मी कोरडी उभी असते आणि मला कसलीही लाज वाटत नाही.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. मला पुसा, सीटच्या चाकांना कधी तेल लावा. पाणी नसेल तर मला खुशाल रिकामी ठेवा. फक्त अर्धी भरून पुरी म्हणू नका. आणि कुणी तुमच्या गप्प बसण्याला चांगुलपणा समजून तुम्हाला कैऱ्या आणून दिल्या, तर घेण्याआधी एकदा स्वतःला विचारा.

उज्वला अजून येते. दुपारी ती माझ्यावर बसलेली असताना गंगम्मा खालून फडकं फिरवत येते आणि म्हणते, "बाई, पाय उचला."

उज्वला पाय उचलते आणि तसेच थोडा वेळ वर धरून ठेवते. फरशी पुसून झालेली असते. तरी ती थांबते, आणखी एखादा शब्द येईल म्हणून. मीही थांबते.