दशरथ पाण्यात उतरला नाही

मी एक काळी प्लास्टिकची टाकी बोलतेय. गच्चीगच्चीवर असतात त्यांच्यातलीच, फक्त माझं डोकं करवतीने कापलेलं आहे. दहिसरच्या एका चाळीला मी बरीच वर्षं पाणी पाजलं. झाकणापाशी तडा गेला आणि माझी रवानगी भंगारात झाली.

तिथून मला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आणलं, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात. खाली लेथ मशिनं चालतात, वर रविवारी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमतात. ज्याला बाप्तिस्मा घ्यायचा असेल तो माझ्यात उतरतो, पाण्याखाली जातो आणि चिंब होऊन हसत वर येतो. एरवी माझ्यात सतरंज्या कोंबलेल्या असतात. माणसांना रिकामी जागा बघवतच नाही.

मला भरायचं काम दशरथचं. मूळचा कणकवलीकडचा, आधी गिरणीत, मग याच वसाहतीत वॉचमन. खाली ड्यूटीवर बसून वरची प्रार्थनेची गाणी ऐकता ऐकता तो वर येऊ लागला आणि प्रभूचा झाला. बाप्तिस्म्याच्या दिवशी पँट दुमडून पाइप लावायचा, कोपर बुडवून पाणी बघायचा, थंडीत गरम पाण्याच्या बादल्या ओतायचा. सगळ्यांसाठी मला भरलं त्याने. स्वतः मात्र कधी उतरला नाही.

कारण त्याची बायको विमला. गणपतीत गावी कुठल्या तोंडाने जायचं, म्हणाली. काय मानायचं ते मनात माना, पाण्यात उतरायचं नाही.

"घाई नाय," दशरथ प्रबुद्धला सांगायचा. प्रबुद्ध म्हणजे आमचा तरुण पास्टर. "तिका रडवून माका उतरूचा नाय. हो म्हणतली एक दिवस."

दर खेपेला मला वाटायचं, आज उतरेल. मी वेडी.

मग एका मंगळवारी सकाळी विमला जिना चढून वर आली. ती इथे पहिल्यांदाच येत होती. हातात स्टीलची कळशी होती. पहाटे छातीत कळ येऊन दशरथ गेला होता, आणि इस्पितळातून त्याचा देह अजून ताब्यात मिळायचा होता.

"या टाकीतलं पाणी द्या," ती प्रबुद्धला म्हणाली. "त्यांच्या तोंडात घालते. आमच्यात गंगा घालतात ना, तसं. मी अडवलं त्यांना. आता देव त्यांना बाहेरच ठेवेल."

माझ्यात थेंब नव्हता, सतरंज्या होत्या. एवढी लाज मला भंगारातही वाटली नव्हती.

प्रबुद्ध तिच्यासमोर खाली बसला. "काकी, या पाण्याने कोणी तरत नाही. काकांनी देवाला धरलं होतं, एवढंच असतं तर मलाही भीती वाटली असती; माणसाचा हात सुटतो. पण देवाने काकांना धरलंय. त्याने कोणाला विचारून धरलं नाही, आणि कोणाच्या नाही म्हणण्याने तो सोडणारही नाही."

"नक्की ना?"

"नक्की. काकांना खात्री होती. म्हणून तर घाई नव्हती त्यांना."

मला वाटलं, सुटली बिचारी. पण ती कळशी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

"म्हणजे माझ्या अडवण्याने देवाचं काही अडलं नाही."

"नाही."

"आणि यांचं?"

प्रबुद्ध म्हणाला, "त्यांना उतरायचं होतं, काकी. तुम्ही समोर उभं राहून बघावं, एवढंच होतं त्यांच्या मनात."

तेव्हा विमला रडली. कुठेतरी मुरलेलं पाणी झिरपावं तसं, आवाज न करता, बराच वेळ. प्रबुद्धने तिला नळाचं पाणी आणून दिलं. ती ते प्यायली आणि रिकामी कळशी घेऊन इस्पितळात परत गेली.

आता पाइप दुसरं कोणीतरी लावतं. दशरथ सुखरूप आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी माझं दुःख काही कमी होत नाही. तो एकदा तरी भिजून हसताना मला बघायचा होता.

तुमच्या घरी कोणी तुमच्या एका होकारासाठी थांबलं असेल, तर या फुटक्या टाकीचं ऐका. देव त्याला सोडेल ही काळजी तुम्ही करू नका. तो माणूस देवाजवळ कायमचा आहे, तुमच्याजवळ मात्र थोडेच दिवस आहे.