आईचा नंबर

दादाने पुन्हा ‘पुढे’ दाबलं आणि रिकाम्या रकान्याखाली पुन्हा तीच लाल ओळ उमटली : ‘आईचा नंबर लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही हं!’

“तुझा फॉर्म ऐकत नाही,” तो म्हणाला.

धाकटी बहीण ऑफिसातून तशीच धावत आली होती. दारात चपला भिरकावून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्याच्या शेजारी बसली. दादाच्या लेकीच्या, ठकीच्या शाळाप्रवेशाचा हा ऑनलाइन फॉर्म ऑफिसात तिनेच बनवलेला, मग तक्रार करायला दुसरं कोण सापडणार! मुदत आज पाचपर्यंत होती. उशीर झाला की शाळा दारात उभं करत नाही, आणि घराजवळ दुसरी शाळा नाही.

“तुझाच नंबर टाकायचास की.”

“टाकला.” त्याने पुन्हा टाकून दाखवला. लाल ओळ बदलली : ‘अहो, हा तर बाबांचा नंबर! लबाडी चालणार नाही.’

दादाला हसू फुटलं आणि लगेच त्याने तोंड फिरवलं.

कारण या ओळी वहिनीच्या होत्या. बहिणीने कुठलाही फॉर्म केला की तो आधी वहिनीच्या हातात जायचा. ती बया चुका करण्यात पटाईत. वयाच्या रकान्यात ‘विचारू नये’ लिहायची, फोनच्या रकान्यात अख्खा पत्ता. फॉर्म अडकून पडला की लहान पोरीसारख्या टाळ्या पिटायची. गेल्या वर्षी या फॉर्ममधलं ‘कृपया वैध क्रमांक भरा’ वाचून तिने नाक मुरडलं होतं. “हे काय गं, पोलिसासारखं? सरक, मला लिहू दे.” आईचा नंबर सक्तीचा करायचा हट्टही तिचाच. “पोरगी पडली-झडली तर शाळेने बापाला फोन करायचा? बाप मीटिंगमध्ये बसलेला. आई कुठूनही धावत येईल.”

शाळेलाही ते पटलं. फॉर्म सुरळीत चालला, आणि चालतंय त्याला हात लावायचा नाही ही त्या कामातली रीतच. मग वहिनी आजारी पडली, गेली. तिचा नियम तेवढा तिथेच राहिला.

“तिचाच नंबर टाकू?” दादाने हळूच विचारलं. “मी तो बंद नाही केलेला.”

“नको रे दादा. ठकीला काही झालं तर शाळा तिथे फोन करत बसेल. उचलणार कोण?”

त्याने रकान्यातला स्वतःचा नंबर पुसला.

“मी नियमच काढून टाकते.”

“मग ही ओळही जाईल?”

“जाईल.”

“मग नको काढूस.”

“अरे, पाच वाजायला आलेत! पोरीची शाळा महत्त्वाची की ओळ?” ती खेकसलीच. मग तिचं तिलाच वाईट वाटलं, कारण ओळ तिलाही हवी होती.

तिने ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला. एखाद्या घरात आई नसेल, हे आपल्या कुणाच्या डोक्यातच कसं आलं नाही, असं ते म्हणाले आणि लगेच बदल करायला सांगितलं. नियम राहू द्यायचा, पण खाली एक चौकोन द्यायचा. त्यावर खूण केली की फॉर्म आईचा नंबर मागणार नाही.

काम किरकोळ होतं. पण चौकोनापुढे शब्द काय लिहायचे? असले शब्द वहिनी लिहायची. बहिणीने ‘आई हयात नाही’ लिहिलं आणि खोडलं. ‘आई नाही’ लिहिलं, तेही खोडलं.

“दादा, शाळेतून फोन आला तर मीटिंग सोडून येशील?”

“हे काय विचारणं झालं? असेन तिथून येईन.”

तिने लिहिलं : ‘फोन बाबांनाच करा. ते असतील तिथून धावत येतील.’

पान पुन्हा उघडलं. भरलेलं पुसलं जाऊ नये याची सोय तिने मागेच करून ठेवली होती. ठकीचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, सगळं जागच्या जागी होतं. दादाने चौकोनापुढची नवी ओळ वाचली, पण खूण केली नाही. आधी ‘पुढे’ दाबलं. लाल ओळ उमटली. ती त्याने ओठ हलवत वाचली. बहिणीने घड्याळाकडे बघितलं, पण घाई केली नाही.

मग त्याने खूण केली. लाल ओळ गेली आणि पुढचं पान उघडलं. त्या पानाच्या माथ्यावर वहिनीने काय लिहिलेलं आहे, हे बहीण साफ विसरून गेली होती.

‘शाब्बास! एवढं काही अवघड नव्हतं ना? आता थोडंच राहिलंय.’

दादा पडद्याकडे बघत राहिला.

“होतं गं,” तो म्हणाला, आणि पुढचा रकाना भरायला लागला.