ड्रायव्हरकाकांचा अंगठा

"शुगर आहे तुम्हाला, पायाला हात लावायचा नाही, हे शंभरदा सांगितलंय ना? आणि ब्लेडनं नख कापत बसलात?" वृद्धाश्रमाच्या सिस्टर पट्टी बांधता बांधता कडाडल्या.

ड्रायव्हरकाका पलंगावर पाय सोडून बसले होते. उजव्या पायाचा अंगठा टम्म सुजला होता. "चुकलं, सिस्टर. अक्कल गहाण ठेवली होती मी," ते म्हणाले.

दारात नेलकटर घेऊन उभी असलेली मुलगी जागीच थिजली. ते नख काकांनी कापलंच नव्हतं. गेल्या रविवारी तिनं कापलं होतं.

ती वैद्यकीय जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि दर रविवारी इथे येऊन म्हाताऱ्यांची नखं कापत होती. हे काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. सगळे तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणत. "अहो, मी डॉक्टर नाही," असं ती म्हणायची, पण कुणाला ऐकू जाणार नाही इतपतच. गेल्या रविवारी डोक्यात दुसऱ्या दिवशीचा सेमिनार होता. भराभर पाय उरकताना काकांच्या अंगठ्याच्या कडेला नेलकटर खोल गेलं आणि रक्त आलं. बधिर पायाला काही कळलं नाही, पण काका बघत होते. सिस्टरना सांगायचं म्हणजे जखम धुणं, पट्टी, चौकशी, सगळी संध्याकाळ गेली असती. तिनं कापसानं रक्त टिपलं, मोजा चढवला आणि बस पकडली. सेमिनार झकास झाला. विषय होता, मधुमेहात जखमा का चिघळतात.

"ते दाढीचं सामान द्या इकडे," सिस्टर म्हणाल्या. "ब्लेड तुमच्या हातात नकोच. महिन्यातून एकदा न्हावी येतो, तो करेल दाढी."

काकांचा चेहरा उतरला. नोकरीत असताना दाढी न करता ते कधी बसवर चढले नव्हते, आणि इथेही रोज सकाळी त्यांचे गाल गुळगुळीत असायचे. त्यांनी मुकाट्यानं रेझर काढून दिला.

आता तरी बोल, असं तिनं स्वतःला बजावलं. पण ती दारातच उभी राहिली. जाता जाता सिस्टरनी तिच्या पाठीवर थाप मारली. "तू येतेस म्हणून बरं गं, नाहीतर यांचे हे असले उद्योग!" ती थाप तिला चपराकीसारखी बसली.

"काका, असं का सांगितलंत?"

"अगं, मला बोलून बोलून किती बोलतील? तुला मात्र पुन्हा पाऊल टाकू देणार नाहीत. शिकतेयस अजून, नावाला डाग कशाला?"

धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. ती तशीच वळली आणि सिस्टरच्या खोलीत गेली.

"सिस्टर, ते नख मी कापलं होतं."

सिस्टर बघतच राहिल्या. "रक्त आलेलं दिसलं होतं तुला?"

"हो."

"आणि तशीच गेलीस?"

"हो."

त्या फाडफाड बोलल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यांनी नुसता ड्रॉवर उघडला आणि रेझर टेबलावर ठेवला. "तूच नेऊन दे त्यांना."

रेझर बघून काका म्हणाले, "सांगितलंस होय? वेडीच आहेस." पण गडी खुलला. तिनं गरम पाणी आणलं, आरसा धरला. गाल फुगवून, मान वाकडी करून काकांनी अगदी मन लावून दाढी केली. जरा वेळ तिलाही हलकं वाटलं.

मग ती पलंगाच्या पायथ्याशी बसली. "काका, डाव्या पायाची नखं त्या दिवशी राहूनच गेली. सावकाश कापते. आज काही घाई नाही मला."

काकांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि तिच्याकडे बघून छान हसले.

"आज राहू दे, बाळ," ते म्हणाले, आणि चादर ओढून त्यांनी दोन्ही पाय आत घेतले.