ड्रॅगनचा सराव

चष्मेवाले काका तिच्या कामाच्या जागी आले तेव्हा ती कुणाच्या तरी खालच्या जबड्याच्या साच्यात प्लास्टर ओतत होती. कवळ्या करून देणं हे तिचं काम. काका स्टुलावर बसले, समोर मांडून ठेवलेल्या दातांकडे बघून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "तुझ्या बाबांचं काहीतरी करायला हवं."

बुद्धिबळाचा क्लब बाबांनीच उभा केला होता. संघाच्या पहिल्या पटावर कायम तेच बसत. पण आई गेली तशी त्यांची नजर पटावरून उठून भिंतीकडे जायला लागली होती. गेल्या मोसमात जिंकत आलेले डाव त्यांनी हातचे घालवले होते.

"मग सांगा त्यांना," ती म्हणाली.

"आमच्यानं होत नाही बाई. एवढ्या वर्षांची दोस्ती. पण नियम त्यांचाच आहे ना, निवड-डावात जो हरवील तो त्यांच्या जागी बसेल. तू हरवलंस तर पहिला पट घरातल्या घरात राहील."

ती हसली. बाबांनी दुनियेच्या पोरांना शिकवलं होतं. तिला मात्र एकदाच, ती लहान असताना, पटासमोरून उठवून सांगितलं होतं, "एका घरात एक खेळाडू पुरे." पुढं ती कॉलेजात चोरून खेळली, बरं खेळली, नंतर फोनवर खेळत राहिली. बाबांनी एकदाही समोर बस म्हटलं नव्हतं. पहिला पट तिला हवा होता. इतका हवा होता की बाबा तिथून उठल्यावर दिवसभर काय करणार, हे तिनं काकांना विचारलंसुद्धा नाही. क्लब सोडला तर बाबा घराबाहेर पाऊल टाकत नव्हते.

पांढरी मोहरी घेतली की बाबा एकच हल्ला चढवत. आपला राजा वजिराच्या बाजूला किल्ल्यात घालायचा आणि दुसऱ्या बाजूची प्यादी समोरच्या राजावर सोडायची. यावर उतारा म्हणून काकांनी तिला ड्रॅगन नावाचा बचाव काढून दिला. नाव बचाव, पण सगळा मामला मारामारीचा. काळा उंट कोपऱ्याजवळ दबा धरून बसतो, दोन्ही राजांवर एकदम आग लागते, आणि ज्याची एक चाल उशिरा पडेल तो मेला. योग्य वेळी काळ्यानं आपला हत्ती देऊन पांढरा घोडा मारायचा, म्हणजे पांढऱ्या राजासमोरची भिंत फुटते.

चाली तिनं पाठ केल्या. प्लास्टर घट्ट होईपर्यंत कामाच्या टेबलाखाली फोन धरून ती त्या पुन्हा पुन्हा खेळे. पण फोनवरचे लोक बाबांचा हल्ला करतच नसत. कुणी भलतंच खेळे, कुणी घोडा मारला की चिडून पळून जाई. सरावाला माणसं हवी होती, आणि बाबांसारखं खेळू शकणारी माणसं म्हणजे बाबांचे मित्र.

तेही तयारच होते. दुपारी चष्म्यांचं दुकान बंद ठेवून काका बसत, ते थकले की क्लबाचे सचिव. दुकानाच्या मागच्या खोलीत, नंबर तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याखाली पट मांडलेला असे.

"नुसता हल्ला करून भागायचं नाही," सचिव म्हणाले. "सवय व्हायला हवी हिला." आणि त्यांनी बाबांसारखा मोहऱ्याचा गळा चिमटीत धरून, पटावरच्या घरात स्क्रू पिळावा तसा पिळला. मग खाकरले. मग बाबांच्या जड आवाजात म्हणाले, "बसा आता!"

हुबेहूब जमलं होतं. चष्मेवाल्या काकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मग तीही हसली.

दुसऱ्या दिवशी काकांनी नवा प्रकार आणला. मध्येच हात थांबवायचा, भिंतीकडे बघायचं आणि विचारायचं, "कुणाची चाल?"

"असं विचारतात ते?" तिनं विचारलं.

"घरी नाही विचारत?"

"घरी आम्ही खेळत नाही, काका."

हळूहळू ती दोघांनाही हरवायला लागली. हत्ती ती न थांबता देऊ लागली. घरी बाबा विचारत, "हल्ली उशीर होतो?" ती म्हणे, "कवळ्यांचं काम वाढलंय." बाबा म्हणत, "लोकांचे दात फार पडायला लागलेत." आपल्याच विनोदावर ते एकटेच हसत.

निवड-डावाच्या दिवशी बाबा क्लबात इस्त्रीचा शर्ट घालून बसले. समोर मुलगी येऊन बसली तेव्हा त्यांनी सचिवांकडे पाहिलं. "हे काय?"

"नाव दिलंय तिनं," सचिव म्हणाले आणि भिंतीवरच्या फळ्यावरल्या नावांकडे बोट दाखवून लांब जाऊन उभे राहिले.

बाबांनी पांढऱ्यानं तोच हल्ला चढवला. ती भराभर खेळत गेली. मग तिनं हत्ती उचलला आणि घोडा मारला.

बाबांचा चेहरा असा उजळला की तिला खाली बघावं लागलं. "अरे वा!" ते मोठ्यानं म्हणाले. "हत्ती दिला पोरीनं! पाहिलंत का रे?" भोवती उभ्या असलेल्यांपैकी कुणीच मान वर केली नाही. बाबा खुर्चीत मागे रेलले, कौतुकानं तिच्याकडे बघत राहिले.

पटाशेजारच्या घड्याळात वेळ त्यांची जात होती.

आधी तिला वाटलं, विचार करताहेत. मग कळलं. ते तिच्या चालीची वाट बघत होते. तिनं आत्ताच चाल केली होती, आणि ते त्यांना आठवत नव्हतं. घड्याळावरचे आकडे उतरत होते; शून्याला पोचले की बाबा डाव हरणार. बाहेरच्यानं डावात बोलायचं नाही, हा नियम सगळ्यांना माहीत होता. बोलू शकत होती ती एकटी. तिनं मान वळवली. सचिवांनी डोळ्यांनीच खुणावलं, गप्प. चष्मेवाले काका खिडकीबाहेर बघत होते.

"खेळ," बाबा हळूच म्हणाले. या आवाजात ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. "नीट बघून खेळ. मी थांबतो."

तिनं हात मांडीवर ठेवले. पटाकडे असं बघत राहिली की जणू खरंच तिची चाल असावी. बाबांना संशय येऊ नये म्हणून तिनं एकदा कपाळही चोळलं.

"दमलीस का?" बाबांनी विचारलं.

तिनं मान हलवली.

घड्याळ वाजलं.

"वेळ संपली," सचिव पुढं येत म्हणाले.

"अरेरे," बाबा म्हणाले. "तिची?"

सचिवांनी तिच्याकडे पाहिलं. शेवटी तीच म्हणाली, "तुमची, बाबा. चाल तुमची होती."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पटाकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. त्यांचे ओठ हलत होते. एकेक चाल मागे जाऊन ते मोजत असावेत.

"मग सांगायचंस ना," ते म्हणाले.

"डावात सांगत नाहीत."

"नाही." त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे, नाही सांगत. मीही सांगितलं नसतं."

रिवाजाप्रमाणे त्यांनी हात पुढे केला. तिनं तो हातात घेतला, आणि तो तिच्या हातात असतानाच सचिवांनी फळ्यावरच्या संघाच्या यादीतलं सगळ्यात वरचं नाव पुसायला घेतलं.