होळीतले खुंट

पेटती चूड हातात घेऊन कोंडाजी होळीभोवती तिसरा फेरा घालत होता. चालता चालता त्याची नजर होळीच्या बुडाशी गेली आणि पाय जागच्या जागी थांबले.

ढोलवाल्यानं आणखी दोन ठोके मारले आणि तोही थबकला. पोरं तोंडाशी हात नेऊन बोंब ठोकायला टपलेली. चंद्र खाडीपलीकडच्या डोंगरावर आला होता. होळी पेटवायचा मान कोंडाजीच्या घराण्याचा, पणजोबापासूनचा. त्याचे पाच फेरे झाल्याशिवाय आणि त्याच्या हातची माडाच्या झावळीची चूड लागल्याशिवाय गावाचा शिमगा पुरा होत नसे.

"काय झालं रं? काटा लागला काय?" धर्माजीनं विचारलं. धर्माजी त्याचा चुलतभाऊ, गावकीतला बोलका माणूस.

कोंडाजी वाकून बघत होता. मधोमध शेवरीचा उंच खांब, त्याच्याभोवती गवताच्या पेंढ्या, मोडकी बाज, कुणाच्या तरी कुंपणाचे बांबू, आणि त्या सगळ्याला टेकून गोल उभे केलेले ऐनाचे खुंट. खुंटांची टोकं तासलेली होती आणि टोकांवर खाडीचा काळा चिखल अजून ओला होता. ती टोकं कोंडाजीनं स्वतःच्या कोयत्यानं तासली होती.

"हे खुंट कोनी आनले?"

गर्दीत हशा पिकला. मुंबईहून शिमग्याला आलेल्या पोरांचा घोळका पुढेच होता, आणि त्यात सगळ्यात पुढे कोंडाजीचा लेक येसाजी. गिरणीत लागलेला, अंगात नवा कोरा शर्ट, कपाळभर गुलाल.

"वळखलेत काय बाबा?" येसाजी खुशीत ओरडला. "वाकनावरनं उपटून आनले. वहाळाच्या कडंला रोवलेले हुते, राखनीला कोन न्हाय. म्हटलं, औंदा खुद्द मानकऱ्याच्याच घरची चोरी झाली पायजे!"

आता, यात येसाजीचं काही चुकलं असं गावात कुणीही म्हटलं नसतं. होळीची लाकडं मागून आणायची नसतात, चोरायचीच असतात. आणि एकदा होळीत पडलं ते होळीचं. मालकानं चार शिव्या हासडाव्यात, हसावं, आणि होळीला नारळ घालून घरी जावं. ज्याचं चोरीला जातं त्याला उलट बरंच वाटतं, आपल्याला गाव आपलं समजतं म्हणून. खुद्द कोंडाजीनं मिसरूड फुटायच्या वयात एका घराचं परसदार बिजागऱ्यांसकट उचलून आणलं होतं. पुढे त्याच घरची ठमाबाई त्याला दिली. सासरा मरेपर्यंत जावयाला ऐकवायचा, "दार नेलंस ते नेलंस, पोरगी पन नेलीस."

पण हे खुंट म्हणजे दार नव्हतं.

गावाच्या अंगावरून एक वहाळ खाडीला जातो. तीन पावसाळ्यांमागे पूर आला आणि वाकणावर, म्हणजे वहाळ शेतांकडे वळतो तिथे, त्यानं काठ फोडला. वळण सोडून पाणी सरळ खाडीत पडायला लागलं. गोडं पाणी गेलं ते गेलंच, वर त्या खिंडारातून भरतीचं खारं पाणी आत शिरलं. खालच्या शेतांत भाताच्या जागी मिठाचा पांढरा थर दिसू लागला. विहीर मचूळ झाली. ठमाबाईसकट सगळ्या बायका हंडे घेऊन डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावर जाऊ लागल्या, आणि येसाजीसारखी पोरं बोटीत बसून मुंबईला.

शेवटी सरकारी काम निघालं. वहाळाचं जुनं पात्र उपसायचं, वाकणावरचं खिंडार मातीच्या बांधानं बुजवायचं आणि पाण्याला परत त्याच्या वाटेला लावायचं. कामावर दिनानाथ नावाचे ओव्हरसियर होते. हुशार माणूस, आणि उन्हातान्हात मजुरांबरोबर उभा राहणारा. त्यांनी कोंडाजीला मुकादम नेमलं आणि दिवाळीपासून कोंडाजीला दुसरं काही सुचेनासं झालं. मातीचा थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुमसानं ठोकून ठोकून बसवायचा, मगच वरचा थर. कुणी थर जाड टाकला की हा पाटी हिसकावून घ्यायचा. "माजी भाकरी कच्ची चालंल, बांध कच्चा न्हाय चालनार," असं म्हणायचा आणि मजूर पाठीमागे त्याची नक्कल करायचे.

बांध उभा राहिला, पण नवी माती ती नवी माती. ती वाहून जाऊ नये म्हणून दिनानाथांनी बांधाच्या पायथ्याशी, खाडीच्या अंगाला, खुंटांची दाट रांग ठोकून घेतली आणि खुंटांमधून निगडीच्या फांद्या टोपलीसारख्या विणून घेतल्या. लाटेचा मार त्या कुडावर बसावा, मातीवर नको. वरच्या उतारावर पांगाऱ्याच्या फांद्या खोचल्या. पावसाळ्यात त्या मुळं धरणार आणि पुढे तीच मुळं बांध धरून ठेवणार. सणाला घरी जाताना ओव्हरसियर बजावून गेले होते, "कोंडाजी, पुनवेचं उधाण मोठं येईल. एवढी भरती बांधानं सोसली की पुढे भीती नाही. कूड तेवढा सांभाळा."

आणि कोंडाजीनं काय केलं? मजुरांना सुट्टी दिली, सकाळपासून उपास धरला आणि मानाच्या तयारीला लागला. त्याच्या डोक्यात धास्ती होती ती उधाणाची, पोरांची नव्हती. ऐन शिमग्यात सुकं लाकूड उघड्यावर टाकून घरी बसणारा मुकादम जगात हाच एक! हे त्याला तिथे होळीसमोर उमगलं. भरती मध्यरात्रीची होती.

"येश्या, कूड पन उपटलास?"

"त्या फांद्या व्हय? बुडाला घातल्यात. बेस पेटतील."

"अरं माज्या कर्मा!" कोंडाजी म्हणाला. मग तो धर्माजीकडे वळला. "हे खुंट काढायला लागतील."

धर्माजीला आधी ती थट्टाच वाटली. मग त्यानं कोंडाजीचं तोंड पाहिलं. "होळीतलं लाकूड? आनि तू काढनार? मानकरी हाइस तू! शुद्धीवर हाइस ना?"

"राती भरती हाय, धर्माजी. कूड न्हाय तर बांध न्हाय. बांध गेला तर वहाळ पुन्ना खाडीत."

"सरकारी खुंट हायत. सरकार दुसरे दील."

"सरकार खुंट दील रं. पन भरती उद्यावर ढकलंल काय?"

कुणी तरी फिसकन हसलं. म्हातारी सोनाबाई गर्दीतून पुढे आली. कोंडाजीला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. "कोंडू, देवाच्या तोंडचा घास काढू नको रं बाबा," ती म्हणाली. "तुज्या बापानं ह्या जाग्यावर कंदी मान खाली घातली न्हाय."

तेच तर होतं. बापानं शेवटच्या आजारात याच जागी चूड कोंडाजीच्या हातात दिली होती आणि सांगितलं होतं, हात भाजला तरी चालेल, चूड खाली टाकू नकोस. कोंडाजीला फार वाटलं की लावून टाकावी. उरलेले फेरे घालावेत, चूड लावावी, घरी जाऊन पोळी खावी. बांध गेला तर कोण त्याला बोल लावणार होतं? रीतच तशी. गाव म्हणालं असतं, देवाची मर्जी. चूड खालपर्यंत जळत आली होती आणि बोटांना चटका बसत होता.

त्यानं चुडीचं तोंड जमिनीत खुपसलं आणि पायानं माती लोटली.

बायकांमधून एकच आवाज उठला. कोंडाजीनं पहिला खुंट ओढला, दुसरा ओढला. पेंढ्या घसरल्या, शेवरीचा खांब कलला. कुणी त्याला अडवलं नाही आणि कुणी हातही लावला नाही. माणसं नुसती मागे मागे सरत गेली. बुडाच्या निगडीच्या फांद्या काढायला त्याला गुडघ्यांवर बसून होळीत हात घालावा लागला, तेव्हा मात्र त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही.

काढलेले खुंट त्यानं बाजूला रचले, पेलवेल तेवढा भारा खांद्यावर घेतला, तोच ठमाबाईनं नैवेद्याचं ताट सोनाबाईच्या हातात दिलं, पदर खोचला आणि फांद्यांचा भारा डोक्यावर उचलला.

"ठमे, तू नको येऊस गो. बोल लागंल तुला."

"लागू दे. झऱ्यावरनं हंडा माज्या डोईवर येतो, तुमच्या न्हाय."

दोघं खाडीकाठच्या खाजणाची वाट उतरली. मग धर्माजीनं होळी पेटवली असावी, कारण मागे ढोल वाजला आणि बोंब उठली. कोंडाजीनं वळून पाहिलं नाही.

ओहोटीच्या चिखलात खुंटांची भोकं बुजत आली होती. गुडघाभर गाळात उभा राहून तो मोगरीनं खुंट ठोकत होता, ठमाबाई फांद्या विणत होती. उरलेले खुंट आणायला तो परत निघाला, तर येसाजी समोरून येत होता. दोन्ही खांद्यांवर भारे, नवा शर्ट चिखलात माखलेला, कपाळावरचा गुलाल घामानं डोळ्यांत उतरलेला.

"बाबा, मला ठावं न्हवतं," तो म्हणाला.

"ठावं हाय मला."

त्यानं बापाच्या हातातली मोगरी घेतली. भरती पायांना लागेपर्यंत तिघं काम करत होती.

सकाळी कूड दोन जागी फाटलेला दिसला आणि बांधाचा एक कोपरा ढासळलेला. बाकी बांध होता तिथे होता. वहाळ आपल्या जुन्या वळणानं शेतांकडे चालला होता.

त्याच दिवशी गावकी बसली. कोंडाजीला वाळीत वगैरे कुणी टाकलं नाही, उगाच गावाला बदनाम कशाला करा? मान तेवढा धर्माजीकडे गेला. ज्यानं होळी पेटवली त्याचा मान, एवढंच बोलणं झालं. कोंडाजी हात जोडून "बरं" म्हणाला. येसाजी मात्र सुट्टी संपायच्या आधीच मुंबईला निघाला. आईला म्हणाला, "माज्यापायी मान गेला. मी आता कुठल्या तोंडानं होळीफुडं उभा ऱ्हाऊ?" पुढे तो गणपतीला यायचा, शिमग्याला कधी आला नाही.

त्या पावसाळ्यात पांगाऱ्यानं मुळं धरली. विहिरीची चव सुधारली. शेतांतलं मीठ धुऊन जायला आणखी एक पाऊस लागला आणि मग भात आलं, पहिल्यासारखं. लोक कोंडाजीला राम राम करत होते, लग्नाकार्याला बोलावत होते. त्याचा नारळ होळीत पडत होता, चारचौघांच्या नारळांसारखा.

फक्त एक गोष्ट होती. शिमगा जवळ आला की पोरं रात्री लाकडं चोरत फिरायची. धर्माजीच्या गाडीचं जू गेलं, सोनाबाईची बाज गेली, आणि ती म्हातारी अंगणात उभी राहून अख्ख्या गावाला शिव्या देत हसत सुटली. कोंडाजीच्या अंगणातली काटकीही कुणी हलवली नाही. पहिल्या वर्षी त्याला वाटलं, विसरली असतील. दुसऱ्या वर्षी त्यानं आंब्याचा चांगला सुका ओंडका अंगणाच्या कवाडीला लावून ठेवला. पोरं खिदळत आली, घर कुणाचं ते बघून गप्प झाली आणि पुढे गेली. ठमाबाईला विहिरीवर कळलं होतं. पोरांना घरोघर सांगणं होतं: त्याच्या घरचं नको रे आणू, तो परत मागायला येईल.

तिनं ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्याला सांगायची गरजही नव्हती.

तिसऱ्या वर्षी, होळीच्या आदल्या दिवशी, ती विहिरीवरून आली तर कोंडाजी परसदाराच्या बिजागऱ्या काढत होता.

"दार का काढताव?"

"कुरकुरतं. तेल घालायचं हाय."

ती बघत राहिली. त्यानं दार उचललं, पुढच्या अंगणात नेलं आणि वाटेच्या कडेला, चांदणं पडेल अशा बेतानं, कवाडीला टेकून ठेवलं. तेलाची बाटली त्यानं घरातून काढलीच नव्हती. ठमाबाईनं कवाडीजवळचा दगड उचलून बाजूला केला, रात्री येताना कुणाच्या पायाला लागू नये म्हणून.

निजानीज झाल्यावर पोरं आली. हसणं ऐकू आलं, पावलं ऐकू आली, कवाडीपाशी थांबली. एक जण हलक्या आवाजात काहीतरी म्हणाला, दुसऱ्यानं त्याला "श्शू" केलं. कोंडाजी अंथरुणात उठून बसला. ठमाबाई अंधारात डोळे उघडे ठेवून पडून होती. मग पावलं पुढच्या घराकडे गेली.

सकाळी दार तिथेच होतं, दवानं भिजलेलं. कोंडाजीनं खांद्यावरच्या पंच्यानं ते दोन्ही अंगांनी पुसलं आणि मागे नेलं. ठमाबाईनं दार उचलून धरलं, त्यानं बिजागऱ्या बसवल्या. दार लागतं का ते त्यानं एकदा ओढून पाहिलं. मग तिनं हंडा घेतला आणि त्याच दारानं विहिरीवर गेली.