निळ्या पेन्सिलीची रेघ

माझी भाची दाराला धडकली तर दाराची माफी मागते. खोटं नाही सांगत. एकदा तर ती इस्त्रीला सॉरी म्हणताना मी या कानांनी ऐकलंय, आणि चटका तिलाच बसला होता. म्हणून दुकानात तिचं नाव सॉरीबाई. नाव मीच ठेवलं. दुकान माझं, तर नावंही मीच ठेवणार.

कोट शिवायचं दुकान. एक लांब खोली, मधोमध कापणीचं टेबल, भिंतीशी दोन मशीनं आणि खिळ्यांवर टांगलेले कोटांच्या आखणीचे खाकी कागद. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, तिसरीने काही मला बोलावलं नाही. पण माणूस दारातून आत आला की त्याचा कुठला खांदा उतरलाय, ते मी त्याने तोंड उघडायच्या आत सांगते. बहीण गेली तेव्हा तिची ही लेक माझ्याकडे आली. आता बत्तीस वर्षांची आहे. हात माझा घेतलाय. जीभ आईची, म्हणजे नसल्यासारखीच.

हाताचं मी तिला कधी बोलले नव्हते. आमच्याकडे पद्धतच तशी. काम चुकलं तर बोलायचं, बरोबर असलं तर बोलण्यासारखं उरतं काय?

एकच खोड होती तिला. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. मी एक बोट सोडते. ती तीन बोटं सोडायची. चुकलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून. तिचा कोट घातला की आत आणखी कुणीतरी उभं आहे असं वाटायचं.

तर झालं असं, छताला जाळं लागलं होतं. सॉरीबाईला सांगितलं असतं तर ती कोळ्याची माफी मागत बसली असती. म्हणून मीच स्टुलावर चढले आणि पडले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालणारी डॉक्टरीणबाई भली होती. मी शुद्धीवर आहे का ते बघायला तिने मला माझं काम विचारलं, आणि चार दिवसांनी कागदात गुंडाळलेलं कापड घेऊन दुकानात हजर.

"माझ्या वडिलांच्या कारखान्यातलं आहे," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं मागावर होते. शेवटच्या दिवशी हे त्यांना मिळालं, पण त्यांनी कधी शिवलं नाही. पुढच्या शनिवारी मी मुख्य डॉक्टरांच्या खुर्चीत बसणार आहे. याचाच कोट घालून बसायचंय."

कारखाना बंद पडून किती वर्षं झाली. पुन्हा मिळणारं कापड नव्हतं ते.

"पण कापणार कोण?" बाईंनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. तेही त्यांचंच काम!

"ही," मी म्हटलं.

भाचीने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

संध्याकाळी ती टेबलावर कागद मांडून बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, कापड कमी पडतंय. परत देऊ या का?"

"किती कमी?"

"चार बोटं."

"माया किती धरलीस?"

तिने तीन बोटं वर केली.

"एक बोट धर. बसतंय सगळं. कापड पुरेसं आहे गं, तुझी भीतीच रुंद आहे."

"आणि चुकलं तर?"

"तर डॉक्टरीणबाई माझा दुसरा हात मोडतील."

हसली नाही. "परत दिलं तर निदान खराब तरी होणार नाही."

"दहा वर्षांत किती कोट परत आले तुझे?"

"वकिलांचा आला होता. दोनदा."

"बाकीचे?"

"ते तू वाचवलेस."

"मी?"

मग ती जे बोलली ते असं. "प्रत्येक कागदावर माझ्या रेघेवर तू निळी रेघ मारतेस. मी चाक तुझ्याच रेघेवरून फिरवते. माझ्या रेघेवर एकही कोट कापलेला नाही, मावशी. मला कापता येतं की नाही, हेच मला माहीत नाही."

 

आम्ही कागद कापत नाही. आखलेल्या रेघेवरून दातेरी चाक फिरवतो, कागदाला भोकं पडतात, खाली कापडावर ठिपके उमटतात. ती आखते, मी तपासते. वाचताना मी अक्षरांखाली बोट फिरवते ना, तशी तपासताना रेघेवरून निळी पेन्सिल फिरवते. एवढंच. आणि ही पोरगी दहा वर्षं धरून बसली की मावशी सुधारतेय!

"उतरव सगळे," मी म्हटलं.

खिळ्यांवरून कागद आले. पहिला पाहिला. काळ्या रेघेवर निळी, बरोब्बर. दुसरा, तिसरा, दहावा, तेच. माझी मान ताठ होत चालली होती. मग वकिलांचा कागद आला. बाहीच्या गोलावर दोन रेघा. तिची काळी खोल उतरलेली, माझी निळी दीड बोट उथळ. भोकं निळीवर.

तो कोट काखेत ओढायचा. मी तिला तीन गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं, डोळे गहाण टाकलेस का?

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"नाही. मला वाटलं, माझं चुकलं म्हणूनच तू वेगळी मारलीस."

"मी बोलले तेव्हा तू काय म्हणालीस?"

"सॉरी."

मी पाणी मागितलं. दोन घोट घेतले. म्हटलं, "चूक माझी होती."

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू."

"नाही ऐकलं." तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला होता. टोमणा! माझ्याच दुकानात, मला!

सकाळी तिने कागद कापडावर पसरला, टाचण्या लावल्या. माझा डावा हात आपोआप निळ्या पेन्सिलीकडे गेला. तिने पेन्सिल उचलून स्वतःच्या कानावर खोचली. "तू बाहेर पायरीवर बस, मावशी. तू श्वास घेतलास तरी कागद हलतो."

मी बसले. आत चाक फिरलं. बराच वेळ काहीच नाही. मग ती दारात.

"जरा बघतेस? एकदाच."

"माझ्या डोळ्यात कचरा गेलाय."

"मावशी..."

"दोन्ही डोळ्यांत."

ती आत गेली. मग कात्रीचा आवाज आला, लांब, एका दमाचा. जाड लोकर कापताना टेबल कण्हतं तसा. मी पायरीचा कोपरा घट्ट धरून बसले होते, पण तो आवाज कुठे अडखळला नाही.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी कोट चढवला, दोन्ही हात वर केले, खाली केले. आरशात स्वतःकडे न बघता बाहीवरून बोटं फिरवत राहिल्या. मग विचारलं, "कुणी कापला?"

माझं तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं. भाचीने सवयीने मागे पाहिलं. भिंत अजून तिथेच होती.

"मी," ती म्हणाली. आणि मग हळूच, "सॉरी."

एवढी जुनी सवय, एका कोटात कुठली जायला!

बाई गेल्यावर मी म्हटलं, "चांगला कापलास."

"पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटलं. फुकटचं होतं, तरी दहा वर्षं जपून ठेवलं होतं मी.

प्लास्टर निघून महिना झाला. निळी पेन्सिल अजून तिच्याच कानावर असते. काल माझ्या कागदावर वाकून म्हणाली, "मावशी, हा गोल उथळ आहे."

मी काही सॉरी म्हटलं नाही. रेघ तेवढी पुसली.