निळ्या बाळाचा चमत्कार

रांग घराच्या दारापासून निघून गल्लीच्या टोकाला पोहोचली होती. ताई बॅग सावरत पुढे घुसली, तर एका बाईने तिलाच झापलं, की दर्शन सगळ्यांनाच हवंय, मागून या. ताई म्हणजे या घरातल्या सुनेची थोरली बहीण. शाळेत विज्ञान शिकवायची. सुट्टी लागल्या लागल्या दोन महिन्यांच्या भाच्याला पाहायला आली होती, आणि घ्या, भाचा देव होऊन बसला होता!

समोरच्या खोलीत उशांवर त्याला निजवलं होतं. ओठ निळे, नखं निळी, अंगावर राखाडी कळा. शेजारच्या खुर्चीत पाणीबाबा बसले होते. कपडे परीटघडीचे, आवाज गोड, आणि मांडीवर कोणी ना कोणी आणलेली फुलं.

"आकाश उतरलंय या लेकराच्या अंगात," बाबा सांगत होते. "आमच्या विहिरीच्या पाण्याचा प्रताप. बघा, रडतसुद्धा नाही. केवढी शांती!"

शांती कसली डोंबलाची! पोराच्या अंगात रडायचं त्राण उरलं नव्हतं. ताईने त्याच्या तळव्याला चिमटा काढला, तर त्याने नुसते डोळे किलकिले केले.

पाणीबाबांची कीर्ती गावभर होती. गावाच्या कडेला खताचा कारखाना आला, त्याचे पंप दिवसरात्र जमिनीतलं पाणी ओढू लागले आणि एकेक विहीर कोरडी पडली. पंपांचा आवाज सगळ्यांना ऐकू यायचा. तरी बाबा आले आणि म्हणाले की विहिरी तुमच्या पापांनी आटल्या, तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. मग कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या कोरड्या विहिरीपाशी बाबा ध्यानाला बसले, आणि काही महिन्यांत ती भरली की हो! तिथे उभ्या राहिलेल्या आश्रमाला जागा कारखान्याच्या साहेबांनीच दिली होती. त्यात कोणाला काही खटकलं नाही. साहेब किती भाविक, एवढंच कौतुक झालं.

बहिणीला दूध पुरत नव्हतं, म्हणून बाळाला पावडरचं दूध बाटलीने द्यायचे, आणि ते कालवायचे याच पाण्यात. सासूबाई, ज्यांना ताई काकू म्हणायची, ते पाणी चुलीवर ठेवून निम्मं होईपर्यंत आटवायच्या. आटवलं की शक्ती दुप्पट होते, असं बाबांनी सांगितलं होतं. काकूंनी त्यात एक दिवस आळस केला नाही.

"याला दवाखान्यात न्यायचं," ताई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

मेहुणे चुळबुळत बाबांकडे बघू लागले. बाबा हसले आणि म्हणाले, डॉक्टर आता आकाशाला इंजेक्शन देणार वाटतं! खोलीभर खसखस पिकली. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिने तोंड उघडायच्या आत आतल्या दारातून तिची धाकटी बहीण पुढे आली. तिने उशांवरून बाळ उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "ताई, गाडी बघ."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला ऑक्सिजन लावला, त्याच्या रक्ताचा एक थेंब टिपकागदावर घेतला आणि शेजारी स्वतःच्या बोटाचा एक टेकवला. त्यांचा थेंब लाल होता. बाळाचा काळपट तपकिरी, आणि हवेत कितीही हलवला तरी तसाच. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं झालंय, त्या म्हणाल्या, आणि पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. मग औषध शिरेतून दिलं. तासाभरात ओठ गुलाबी झाले आणि पोराने असं काही भोकाड पसरलं की धाकटीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

काकू मात्र भिंतीशी उभ्या होत्या. मी तर उकळून देत होते, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं. उकळून जंतू मरतात. पण या पाण्यात नायट्रेट आहे, खतात असतं ते, आणि ते काही मरत नाही. पाण्याची वाफ होते, ते भांड्यातच राहतं. जितकं आटवाल, तितकं जास्त. मोठ्या माणसांना लगेच काही होत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. तान्ह्या मुलांचं रक्त मात्र बिघडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आश्रमाच्या मागे गेली. तिथे एक पत्र्याची शेड होती, पुढे फुलांच्या कुंड्यांची आरास. आत डोकावली आणि नाकाला झणका बसला. कारखान्याच्या भिंतीतून एक जाडजूड पाइप आला होता आणि जुन्या बोअरवेलच्या उघड्या तोंडात सुटला होता. कारखान्याचं घाण पाणी बिनबोभाट जमिनीच्या पोटात चाललं होतं आणि शेजारच्या विहिरीत वर येत होतं. हाच तो चमत्कार! वर चांगलं पाणी उपसायचं, खाली आपली घाण सोडायची, आणि त्या घाणीला नमस्कार करायला माणसं जमवायला एक बाबा बसवायचा. नळ दुरुस्त करणारे गळती शोधायला हिरवा रंग वापरतात, त्याची बाटली तिने मिळवली आणि त्या बोअरमध्ये उपडी केली.

दुपारी विहीर हिरवीगार झाली. गर्दी लोटली. बाबा क्षणभर चरकले, पण पट्टीचा गडी, लगेच हात वर करून म्हणाले की आज वनदेवता प्रसन्न झाली. लोक वाकले!

"वनदेवता नाही, ही बाटली," ताई म्हणाली. "सकाळी मी तुमच्या शेडमध्ये ओतली."

"बेटी, तू निमित्त. रंग देणारा तोच."

या उत्तरालासुद्धा काही माना डोलल्या. तेव्हा मेहुण्यांनीच पुढे होऊन कुंड्या बाजूला लोटल्या आणि शेडचं दार ओढलं. पाइप सगळ्यांसमोर धो धो वाहत होता. वास आला तसे पुढचे लोक मागे सरले. मग काकू बोलल्या. "माझ्या हाताने पाजलं मी हे माझ्या नातवाला. तुम्ही सांगितलंत म्हणून आटवून पाजलं."

बाबा उत्तर द्यायला थांबले नाहीत. भिंतीतलं कारखान्याचं छोटं फाटक त्यांच्यासाठी आतून उघडलं आणि लगेच बंद झालं. लोक त्यावर धडका देऊ लागले.

एक माणूस तेवढा मागे राहिला. गावात वायरिंगची कामं करायचा. त्याची तान्ही मुलगी गेल्या वर्षी गेली होती. तिचीही नखं अशीच निळी झाली होती, तो ताईला म्हणाला. बाबांनी बजावलं होतं, कोणाला सांगू नकोस, शाप लागेल.

"म्हणजे ती आजारी होती?" त्याने विचारलं.

"हो."

"औषधाने बरी झाली असती?"

ताईला खोटं बोलता येईना. बहुतेक झाली असती, असं तिने सांगितलं. तो तिथेच पाइपाशेजारी उकिडवा बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरून मोठ्याने रडू लागला.

म्हणून सांगायचं एवढंच. विहीर आटली की पाप कोणाचं हे विचारू नका, पंप कोणाचा ते विचारा. पाणी परत आलं की कृपा कोणाची हे विचारू नका, कुठल्या पाइपातून आलं ते बघा. आणि लेकरू निळं पडलं, तर त्याच्यापुढे हात जोडू नका. त्याला उचला आणि पळा.